एक रुपयाचा दस्त: वऱ्हाडातल्या फारकतींचा माग

1899 च्या भारतीय मुद्रांक कायद्याची अनुसूची उघडली, तर खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र यांच्याच रांगेत 29 व्या क्रमांकावर घटस्फोटाचा दस्त सापडतो. शुल्क एक रुपया. हिंदू स्त्रीला कोर्टात जाऊन घटस्फोट मागता येईल असा देशभराचा कायदा आला 1955 मध्ये. त्याआधी अर्धं शतक सरकार या कागदाचा दर ठरवून बसलं होतं. लोक फारकती लिहून घेतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्या फारकतींची नोंद मात्र त्याने कधी सक्तीची केली नाही.

माझे वडील दर्यापुरात तहसीलसमोर बसणारे अर्जनवीस. मी इथल्याच कोर्टात वकिली करते. त्यांनी लिहिलेले कागद मी लहानपणी पाहिले आणि आता तसेच कागद शोधत बाया माझ्याकडे येतात. कुणाला संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरायचा असतो. कुणाला वारलेल्या वडिलांच्या पेन्शनसाठी आपण घटस्फोटित मुलगी आहोत हे दाखवायचं असतं. कुणाचं दुसरं लग्न जमत असतं आणि समोरची माणसं कागद मागतात. येवद्याकडची एक मावशी म्हणाली, "वकीलबाई, काडीमोड तं चार पंचाइसमोर झाली व्हती. कागद कुठी असंन तेवढं पाहा." हा 'कुठी' सोपा नाही. त्याचं उत्तर द्यायला वऱ्हाडचा दीडदोनशे वर्षांचा कारभार समजून घ्यावा लागतो.

कुणबी, माळी, तेली अशा कष्टकरी जातींत फारकत आणि पाट दोन्ही जुने. नवरा नांदवत नाही, मारतो, परागंदा झाला, तर बाईच्या माहेरचे पंच बसवायचे. देणंघेणं ठरायचं, काडी मोडली जायची आणि बाई पाट लावायला मोकळी व्हायची. मराठा राज्याच्या जमाखर्चात 'पाटदाम' नावाची पट्टीच होती. पाट लागला की सरकारात पैसे भरायचे. म्हणजे बाईच्या दुसऱ्या घरोब्याची नोंद तेव्हा महसुलाच्या वहीत व्हायची. इंग्रज आल्यावर गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या सांगण्यावरून आर्थर स्टीलने दख्खनेतल्या जातींचे रिवाज गोळा करून 1827 मध्ये ग्रंथ काढला. पुढे 1916 मध्ये रसेल आणि हिरालाल यांनी मध्यप्रांतातल्या जातीजमातींवर चार खंड लिहिले. या दोन्ही ग्रंथांत पाट आणि काडीमोड पानोपानी भेटतात. ब्राह्मण आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्या घरांत मात्र बाईला ही वाट नव्हती. पुरुष दुसरी करायचा आणि पहिली माजघरात आयुष्य काढायची.

इंग्रजी न्यायालयांनी या रिवाजाला अर्धवट मान दिला. 1870 च्या दशकात मुंबई हायकोर्टाने शंभू रघू खटल्यात सांगितलं, की नवऱ्याची संमती नसताना विवाहितेला दुसरं लग्न करण्याची परवानगी देण्याचा जातीला अधिकार नाही. पंचांनी सोडवलेली बाई कोर्टात उभी राहिली की तिथे ती पहिल्याचीच बायको ठरण्याची भीती निर्माण झाली. तेव्हापासून नवऱ्याच्या हातची लेखी फारकत हवीच, हे लोकांच्या मनात घट्ट बसलं असावं असं मला वाटतं.

असा एक फारकतनामा माझ्यासमोर आला होता. दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला, घडीवर फाटलेला, वर मुद्रांकाचा छाप. अक्षर बोरूचं, सवयीचं, ओळी काठाला भिडलेल्या. सुरुवातीला 'लिहून घेणार' म्हणून बाईचं नाव, 'लिहून देणार' म्हणून नवऱ्याचं, दोघांचं वय, धंदा शेती, राहणार मौजे अमुक, तालुका दर्यापूर. मग 'कारणे फारकतनामा लिहून देतो ऐसा जे'. आपलं पटत नाही, आजपासून नवराबायकोचं नातं उरलं नाही, तू कुठेही पाट लाव, माझी हरकत नाही, अंगावरचे दागिने मी परत घेतले, पोटगीचा तुझा दावा राहिला नाही. खाली पंचांच्या सह्या, नवऱ्याची सही. बाईचा अंगठा सगळ्यांच्या शेवटी, 'निशाणी अंगठा' या दोन शब्दांच्या मधोमध. स्वातंत्र्य आणि पोटगी, दोन्हींचा हिशेब एकाच कागदात मिटवलेला. बाईने काय सोडलं ते तिला वाचताही आलं नसेल.

असे कागद दोनच ठिकाणी सापडतात. पहिलं ठिकाण घरची पेटी. दुसरं, कुणी हौसेने किंवा सावधपणे दस्त नोंदवला असेल तर दुय्यम निबंधकाचं कार्यालय. 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे फारकतीची नोंदणी सक्तीची नाही, ऐच्छिक आहे. स्थावराशी संबंध नसलेले असे दस्त पुस्तक क्रमांक 4 मध्ये उतरवतात. पुस्तक 1 मधल्या जमिनीच्या व्यवहाराची नक्कल कुणालाही मिळते. पुस्तक 4 मधली नक्कल मात्र दस्त करणाऱ्यांना, त्यांच्या मुखत्याराला किंवा त्या दस्तावर हक्क सांगणाऱ्यालाच मिळते. बाई स्वतः 'लिहून घेणार' असते, त्यामुळे तिला नक्कल नाकारता येत नाही. अर्जात कायद्याच्या 57 व्या कलमाचा उल्लेख करावा आणि साल, गाव व दोन्ही नावं द्यावीत.

जमीन वाट दाखवते ती वेगळ्या रीतीने. नवऱ्याने पोटगीदाखल एकर-दोन एकर लिहून दिलं असेल, तर त्याचा फेरफार झालेला असतो. तलाठ्याच्या जुन्या फेरफार नोंदवहीत 'पोटगीबाबत' असा शेरा सापडला, की त्याआधीच्या आपसातल्या लेखाची किंवा कोर्टाच्या हुकमाची तारीख हाती लागते. मी पुष्कळदा शोध इथूनच सुरू करते. वऱ्हाडात माणूस कागद हरवतो, पण जमिनीची नोंद हरवू देत नाही.

आता कोर्टाचं. दर्यापूर तालुका आधी एलिचपूर, म्हणजे आजच्या अचलपूर, जिल्ह्यात होता. 1905 मध्ये तो जिल्हा अमरावतीत विलीन झाला, म्हणून जुन्या कामाच्या शोधात अचलपूर आणि अमरावती दोन्ही नावं ध्यानात ठेवावीत. 1853 पासून निजामाकडून इंग्रजांकडे आलेला वऱ्हाड 1903 मध्ये मध्यप्रांताला जोडला गेला. 1936 मध्ये नागपूर हायकोर्ट झालं. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आल्यावर नागपुरात मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ बसू लागलं. अपिलाचा निकाल हवा असेल तर नजर नागपूरकडे.

मुंबई प्रांताने 1947 मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला, बडोदा संस्थानाने तर 1931 मध्येच. मध्यप्रांत-वऱ्हाडात तसा कायदा नव्हता. म्हणून इथल्या हिंदू कुटुंबात 1955 च्या आधीचा कोर्टाचा घटस्फोट शोधत बसू नये. तिथे जे असेल ते रिवाजाचंच. 18 मे 1955 ला हिंदू विवाह कायदा लागू झाला आणि त्याच्या 29 व्या कलमाने रिवाजी फारकतही शाबूत ठेवली. 1956 नंतर बौद्ध झालेल्या घरांनाही हाच कायदा लागू आहे. परस्परसंमतीचा घटस्फोट मिळू लागला तो 1976 च्या दुरुस्तीनंतर. त्याच दुरुस्तीने कोर्टाला बंधन घातलं, की घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची एक प्रत दोन्ही पक्षांना विनामूल्य द्यायची. ही प्रत आपल्याला मिळायलाच हवी होती, हे अजून कित्येक बायांना कुणी सांगितलेलं नसतं.

नक्कल काढायची रीत अशी. आधी कोर्ट ठरवावं. लग्न जिथे लागलं, दोघं शेवटची जिथे एकत्र राहिली, सामनेवाला जिथे राहतो, यांपैकी कुठेही अर्ज झालेला असू शकतो. 2003 पासून पत्नी जिथे राहते तिथेही. आमच्या तालुक्याची सोयरीक मूर्तिजापूर, अकोटाकडे फार, म्हणून अमरावती जिल्ह्यात काम सापडलं नाही तर अकोला जिल्हा पाहावा. अमरावती आणि अकोला या दोन्ही शहरांत आता कौटुंबिक न्यायालयं आहेत. अलीकडचं प्रकरण असेल तर न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोधता येतं. प्रकरणाचा 16 अक्षरअंकांचा सीएनआर क्रमांक मिळाला की अर्धं काम झालं. जुन्यासाठी हिंदू विवाह अर्जाचा क्रमांक आणि साल लागतं. ते नसेल तर निकालाचं अंदाजे साल सांगून नोंदवही पाहण्याची विनंती करावी. मग कोर्ट फी स्टँप लावून नक्कल विभागात अर्ज करावा आणि मागणी 'निकालपत्र व हुकूमनामा' अशी दोन्हींची लिहावी. नुसतं निकालपत्र घेऊन आलेल्या बाईला पुढच्या कचेरीने हुकूमनामा मागितला, की तिचा हेलपाटा ठरलेला. प्रकरणात पक्षकार नसलेल्याला कारण दाखवावं लागतं, आणि ते योग्यच आहे. अशा कामांची सुनावणी बंद दाराआड चालावी आणि तपशील छापू नये, असं हिंदू विवाह कायद्याचं 22 वं कलम सांगतं. उशीर करू नये. 1917 च्या कायद्याच्या आधाराने न्यायालयांतले कागद मुदतीनंतर नष्ट करता येतात.

मुस्लिम बहिणींची वाट थोडी निराळी. 1939 च्या कायद्याखाली कोर्टातून झालेली फारकत वरच्याच रीतीने मिळते. बायकोच्या मागणीवरून होणारा 'खुला' झाला असेल तर काझींकडची वही आणि लेखी करार पाहावा. तोंडी तलाकाच्या गोष्टीवर कुणी विसंबू नये. 2002 मध्ये दगडू पठाण विरुद्ध रहिमबी या प्रकरणात मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने सांगितलं, की तलाक झाला असं नुसतं म्हणून भागत नाही, तो शाबीत करावा लागतो. 2019 पासून एका दमात दिलेला तीन तलाक गुन्हा आहे.

काडीमोडीचा कागद कोर्टात टिकतो का, हा प्रश्न सगळ्याजणी विचारतात. 2002 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने यमनाजी जाधव प्रकरणात स्पष्ट केलं, की रिवाजी फारकतीवर भिस्त ठेवणाऱ्याने तसा रिवाज आपल्या समाजात आहे हे कैफियतीत मांडून पुराव्याने शाबीत केलं पाहिजे. म्हणून आज नोटरीपुढे स्टँपवर लिहिलेली फारकत घेऊन कुणी आलं, तर मी एकच सांगते: हा कागद पुरावा म्हणून जपा, पण कोर्टातून घोषणा किंवा हुकूमनामा घ्या. पंच वारले, गाव विसरलं, की रिवाज कोण शाबीत करणार?

घटस्फोटाची नोंद सरकारनेच नीट ठेवली, तर ही सगळी शोधाशोध टळते. अमेरिकेत जिल्ह्यासारख्या कौंटीच्या कोर्टातला कारकून घटस्फोटाची नोंद सांभाळतो. तेवढं लांब जायलाही नको. शेजारच्या गोव्यात 1910 च्या पोर्तुगीज कायद्यापासून घटस्फोट आहे आणि कोर्टाचा निवाडा झाला की मूळ विवाहनोंदीच्या समासात त्याचा शेरा पडतो. लग्न जिथे नोंदलं तिथेच ते मिटल्याचं कळतं. महाराष्ट्रात 1998 च्या कायद्याने विवाहनोंदणीचं काम खेड्यात ग्रामसेवकाकडे आणि शहरात नगरपरिषदेकडे आणलं. घटस्फोट मात्र त्या वहीत पोहोचतच नाही. हुकूमनाम्याची एक प्रत कोर्टाने थेट विवाह निबंधकाकडे पाठवावी आणि तिथे शेरा मारावा, एवढीच माझी मागणी आहे. त्याला नवं खातं लागत नाही, एक टपाल लागतं. एके काळी या राज्यकारभाराने बाईच्या पाटावर पट्टी घेतली, पुढे तिच्या फारकतीवर एक रुपया घेतला. आता तिच्या मोकळेपणाची नोंद ठेवणं हे त्याचं देणं आहे. तोवर प्रत्येकीने आपल्या हुकूमनाम्याच्या दोन साक्षांकित नकला काढाव्यात, एक माहेरी ठेवावी आणि एक स्वतःजवळ.