प्रबंध न वाचणारी सभा

पॅरिसच्या पोर्त मायो भागातल्या सभागृहात एक वर्षाआड, ऑगस्टच्या अखेरीस, जगभरचे वीज-अभियंते जमतात. प्रबंध शेकड्यांनी आलेले असतात, पण चर्चासभेत त्यातला एकही वाचला जात नाही. ते आधीच सर्वांच्या हाती पडलेले असतात. प्रत्येक विषयासाठी नेमलेला एक निवेदक ते सगळे वाचून काढतो, कुठे मतं जुळतात आणि कुठे फाटतात ते टिपतो आणि मोजके प्रश्न तयार करतो. सभागृहात बोलायचं ते या प्रश्नांवर. प्रबंध कुणी लिहिला याला तिथे फारसं महत्त्व नसतं. प्रश्नात विचारलेली अडचण ज्याच्या सबस्टेशनात, ज्याच्या तारांवर येऊन गेली, तो उठतो आणि काय झालं ते आकड्यांसह सांगतो.

ही सभा सिग्रेची. मोठ्या विद्युत्-जाळ्यांसाठीची ही आंतरराष्ट्रीय संस्था १९२१ साली पॅरिसमध्ये जन्मली. एखादी संस्था आपला वेळ कशावर खर्च करते यावरून तिचा पिंड कळतो, म्हणून सुरुवात या रिवाजापासून केली. असा रिवाज लागावा अशी गरज कुठून आली, ते पाहायला थोडं मागे जावं लागतं.

विजेच्या जगातली पहिली मोठी आंतरराष्ट्रीय बैठकही पॅरिसचीच, १८८१ची. तेव्हा प्रश्न मोजमापाचा होता. रोध मोजायची पंधरा वेगवेगळी एककं निरनिराळ्या देशांत चालू होती. व्होल्ट, ओहम, अँपिअर, कुलोम आणि फॅरड ही नावं त्या काँग्रेसने पक्की केली. पुढे १९०६ साली लंडनमध्ये आयईसी ही आंतरराष्ट्रीय विद्युत्-मानक संस्था स्थापन झाली आणि लॉर्ड केल्विन तिचे पहिले अध्यक्ष झाले. आयईसीचं काम मानकं ठरवण्याचं, आणि मानक ठरतं ते बहुतेकांना जे आधीच ठाऊक आहे त्यावर. जे अजून कुणालाच नीट ठाऊक नाही, त्याला या घरात जागा नव्हती.

आणि न कळलेल्या गोष्टी तर भराभर वाढत होत्या, कारण तारा लांबत चालल्या होत्या. १८९१ साली लाउफेनच्या नदीवरची वीज १७५ किलोमीटर दूर फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात पोचली. तिथे हजार दिवे लागले आणि एक कृत्रिम धबधबा चालला. तीन फेजची वीज दूर नेता येते हे त्या दिवसांत जगाला पटलं. बावीस वर्षांनी कॅलिफोर्नियात बिग क्रीकच्या डोंगरातून लॉस एंजेलिसपर्यंत जवळपास चारशे किलोमीटरची लाइन १५० किलोव्होल्टवर सुरू झाली. त्याच लाइनवर जादा इन्सुलेटर चढवून १९२३ साली दाब २२० किलोव्होल्टवर नेला गेला.

लांब तार म्हणजे आखूड तारेचीच मोठी आवृत्ती, असं वाटतं; तसं नसतं. तार आणि जमीन मिळून एक लांबलचक कपॅसिटर होतो. रात्री भार उतरला की लाइनच्या टोकाला दाब पडण्याऐवजी चढतो. याला फेरांटी परिणाम म्हणतात. रिकाम्या लाइनवर तीनशे किलोमीटरला हा चढ सुमारे पाच टक्के असतो, तर सहाशेला वीस टक्क्यांच्याही वर जातो. अंतर दुप्पट केलं की चढ चौपटीहून जास्त होतो. आजही आपल्याकडे पावसाळी रात्री मागणी घसरली की दाब आवरायला काही लांब लाइनी मुद्दाम उघडून ठेवाव्या लागतात.

हे निदान गणिताने काढता येतं. बाकीच्या गोष्टी पाहूनच कळत होत्या. दाब एका मर्यादेपलीकडे गेला की तारेभोवतीची हवाच फुटू लागते, सूं-सूं आवाज येतो, रात्री जांभळी झाक दिसते आणि वीज हवेत वाया जाते. ती मर्यादा तारेच्या जाडीवर, पृष्ठभागावरच्या ओरखड्यांवर आणि पावसावर अवलंबून असते. समुद्राकाठी इन्सुलेटरच्या चिनी मातीच्या तबकड्यांवर मिठाचा थर बसतो आणि पहाटेच्या दवात तो ओला झाला की ठिणगी पृष्ठभागावरून उडी मारते. मंद, सलग वाऱ्यात तार बारीक थरथरत राहते आणि काही वर्षांनी पकडीपाशी तिचे पदर तुटतात. टॉवरच्या दोन्ही अंगांना तारेला लटकणारे छोटे डंबेल आपण रस्त्यावरून पाहतो, ते या थरथरीवरचा उपाय. कॅलिफोर्नियातल्या स्टॉकब्रिज नावाच्या अभियंत्याने तो १९२०च्या दशकात काढला. प्रयोगशाळेच्या खोलीत मावणारे हे प्रश्नच नव्हते. चारशे किलोमीटर तार दहा पावसाळे टांगून ठेवावी, तेव्हा त्यातलं काही कळणार. आणि तेवढी तार तेव्हा जगात मोजक्या कंपन्यांकडे होती.

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा उत्तर फ्रान्सच्या कोळसा खाणी माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने पाण्याने भरून टाकल्या होत्या. कोळसा नाही म्हटल्यावर देशाचं लक्ष आल्प्स आणि पिरेनीजच्या पाण्याकडे वळलं. पाणी डोंगरात, कारखाने दूर. मधे लांब तारा आल्याच. झाँ त्रिबो-लास्पिएर या फ्रेंच अभियंत्याने अशा वेळी वीज बनवणारे, तारा टाकणारे आणि यंत्रं घडवणारे यांना एका टेबलाभोवती बसवायचं ठरवलं. १९२१च्या नोव्हेंबरात पहिली सभा भरली. दहा-बारा देशांतून दोनेकशे माणसं आली. उच्च दाबाच्या मोठ्या विद्युत्-जाळ्यांची आंतरराष्ट्रीय परिषद, असं तिचं फ्रेंच नाव. पुढे एक वर्षाआड सभा भरत राहिल्या. दुसऱ्या महायुद्धात त्या थांबल्या आणि १९४६ साली पुन्हा सुरू झाल्या.

त्रिबो-लास्पिएरचं खरं मोठेपण मला या बसवण्यात दिसतं. यंत्र घडवणारा आपल्या यंत्राचा दोष चारचौघांत सांगत नाही, त्याचा धंदा असतो. वीज कंपनी आपल्याकडचा अंधार सांगत नाही, तिला जाब विचारला जातो. दोघं गप्प राहिले तर तोच ट्रान्सफॉर्मर दुसऱ्या देशात त्याच कारणाने जळतो. प्रबंध वाचायचा नाही, प्रश्नाला उत्तर द्यायचं, या रिवाजाने ही गप्प बसण्याची सोयच काढून घेतली.

या वृत्तीचं सर्वांत भरीव फळ म्हणजे सर्किट ब्रेकरांची पाहणी. १९७४ ते १९७७ या काळात वीसहून अधिक देशांतल्या कंपन्यांनी ६३ किलोव्होल्टच्या वरच्या आपल्या ब्रेकरांचे बिघाड सिग्रेच्या कार्यगटाला कळवले. ब्रेकरचं अवघड काम म्हणजे हजारो अँपिअरची ठिणगी विझवणं, आणि पिढ्यान्‌पिढ्या सगळं संशोधन त्या ठिणगीवर चाललेलं. बिघाड मात्र दहांत सात यांत्रिक निघाले. म्हणजे घोटाळा ठिणगी विझवण्याच्या कक्षेत नव्हता; तो होता ब्रेकर उघडणाऱ्या-मिटवणाऱ्या यंत्रणेत, तिच्या झडपांत, सांध्यांत आणि गळत्या हायड्रॉलिक तेलात. हे कुठल्याही एका कंपनीला आपल्या चार-दोन बिघाडांवरून दिसलं नसतं. पुढे १९८८ ते १९९१ आणि २००४ ते २००७ अशा आणखी दोन पाहण्या झाल्या. शंभर ब्रेकर वर्षभर चालले तर मोठे बिघाड किती, याचं उत्तर पहिल्या पाहणीत १.५८ होतं, दुसऱ्यात ०.६७ आणि तिसऱ्यात ०.३०. आजच्या आंतरराष्ट्रीय मानकात साध्या ब्रेकरला २,००० वेळा आणि वरच्या वर्गातल्याला १०,००० वेळा उघडझाप करून दाखवावी लागते. ट्रान्सफॉर्मरच्या पाहणीत बोट टॅप चेंजरकडे गेलं. तेही हलणाऱ्या भागाकडेच.

आता सोळा अभ्याससमित्या आहेत. केबलची वेगळी, सबस्टेशनची वेगळी, रिलेंची वेगळी. डीसी पारेषणाची समिती जगातल्या लाइनी किती तास बंद राहिल्या, का राहिल्या, याचा हिशेब नियमित प्रसिद्ध करते. त्या तक्त्यांत आपली रिहंद–दादरी लाइनही असते.

महाराष्ट्राला लांब तारांचा हा प्रश्न सिग्रेच्याही आधीपासून ठाऊक आहे. १९१५ साली टाटांच्या खोपोलीच्या वीजघरातून घाट उतरलेल्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांकडे निघाली, तीही शंभर किलोव्होल्टच्या घरातल्या दाबावर. कोकणच्या धुवाधार पावसात तशी लाइन सांभाळणं त्या काळी लहान गोष्ट नव्हती. १९९९ साली चंद्रपूरच्या कोळशावरची १,५०० मेगावॉट वीज सुमारे ७५० किलोमीटर दूर ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याला आणायची होती, तेव्हा ५०० किलोव्होल्टची डीसी लाइन बांधली गेली. डीसीत तो फेरांटीचा चढ नसतो आणि एवढ्या अंतरावर ती परवडते.

करोनामुळे २०२० आणि २०२१ साली सिग्रेला सभा ऑनलाइन घ्याव्या लागल्या, त्यातली दुसरी शताब्दीची. एव्हाना संस्थेने आपली कक्षा उच्च दाबापुरती ठेवलेली नाही. छपरावरच्या सौर पॅनेलपासूनची सगळी साखळी तिने आपली मानली आहे. ते योग्यच झालं. २८ एप्रिल २०२५ला भर दुपारी स्पेन आणि पोर्तुगालची वीज काही सेकंदांत गेली. युरोपीय तज्ज्ञांच्या चौकशीत दाब कोसळल्याचं नव्हे, दाब चढत गेल्याचं आणि त्यामुळे एकामागून एक केंद्रं सुटत गेल्याचं आढळलं. फिरत्या मोठ्या जनरेटरांकडे दाब आवरण्याचं काम आजवर आपसूक असायचं. सूर्य आणि वाऱ्याची वीज इन्व्हर्टरमधून येते. तिच्याकडून ते काम करून घ्यायचं तर तसा नियम हवा, तशी आज्ञावली हवी आणि त्याचा मोबदला कुणी द्यायचा हे ठरायला हवं. राजस्थान आणि गुजरातच्या वाळवंटातून लांब लाइनींवर सौरवीज आणणाऱ्या आपल्या जाळ्यापुढेही हाच प्रश्न आहे.