बोरघाट आणि ओझ्याचा हिशेब

ओढणारा बैल असो, वाफेचें एंजिन असो किंवा घरची लहानशी मोटार असो, त्याच्या ताकदीला मर्यादा असते. आणि त्या मर्यादेची खरी ओळख सपाटीवर होत नाहीं, चढणीवर होते. ज्या एका स्थळानें हा धडा महाराष्ट्राला पिढ्यान्‌पिढ्या दिला, तें स्थळ म्हणजे पुणें जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवरील बोरघाट. घाटाखालीं कोंकण, घाटावर मावळ; आणि या दोहोंमध्यें सुमारें दोन हजार फुटांची चढण. कोंकणचें मीठ वर न्यावयाचें किंवा देशावरचें धान्य खालीं आणावयाचें, तर ही चढण चुकविण्यास मार्ग नव्हता.

घाटमाथा ओलांडला कीं इंद्रायणीचें खोरें लागतें. एका अंगास लोहगड-विसापूर, दुसऱ्या अंगास नाणे मावळ, आणि मधून जुनी वहिवाट. या वाटेच्या आसपास कार्लें, भाजें व बेडसें येथील लेणीं दोन हजार वर्षांपासून उभीं आहेत. तीं कोरविण्यास दान देणाऱ्यांत व्यापारीहि होते. कामशेतच्या उत्तरेस, कुंडली नदीच्या परिसरांत, वडिवळें हें गांव आहे. भाताचीं खाचरें, पावसाळ्यांतील चिखल आणि डोंगराची उतरण अशा या मुलुखांत गाडी हें सोयीचें वाहन नव्हेच. म्हणून येथला मालवाहू बैल शतकानुशतकें गाडीला जुंपला न जातां पाठीवर गोणी घेऊन चालला.

पाठीवरच्या ओझ्याला अर्थातच मर्यादा होती. एक बैल साधारणपणें शंभर किलोंच्या आंतबाहेर वजन वाहूं शके. लमाणांचे तांडे शेंकडों बैल घेऊन मीठ व धान्य यांची ने-आण करीत. यांत एक शहाणपण होतें. ओझें अनेक पाठींवर वांटलेलें असल्यामुळें एखादा बैल बसला तरी तांडा थांबत नसे. वाट अरुंद असली तरी अडचण पडत नसे. आणि बैल चालतां-चालतां चरत असल्यामुळें त्यांच्या वैरणीचें वेगळें ओझें वाहावें लागत नसे. ओढणाऱ्याचें स्वतःचें अन्न हेंहि ओझ्यांतच धरावें लागतें, ही गोष्ट तांडेवाल्यांना ठाऊक होती. ज्यांना ती ठाऊक नव्हती, त्यांची गत काय झाली तें याच मावळानें १७७९ सालीं पाहिलें.

रघुनाथरावांस पुण्याच्या गादीवर बसविण्याकरितां मुंबईकर इंग्रजांची फौज १७७८ च्या अखेरीस बोरघाट चढून आली. लढणारे शिपाई सुमारें चार हजार. परंतु त्यांचा दारूगोळा, तंबू, धान्य व सामान यांसाठीं बरोबर घेतलेल्या बैलांची संख्या ग्रँट डफच्या इतिहासांत एकोणीस हजार दिलेली आहे. म्हणजे एका शिपायामागें चारांहून अधिक बैल! एवढें लटांबर अरुंद वाटेवर सांभाळावयाचें म्हणजे सैन्यानें बैलांचें रक्षण करावयाचें, बैलांनीं सैन्याचें नव्हे. फौजेची चाल अतिशय मंदावली. कोंकणांतून खंडाळ्याचा माथा गांठणारें सैन्य तेथून पुढें जणूं पाय बांधल्यासारखें सरकूं लागलें.

मराठ्यांचा डाव या मंद गतीवरच बसविलेला होता. नाना फडणीस, महादजी शिंदे व हरिपंत फडके यांनीं मोठी लढाई टाळली. समोरून माघार घ्यावयाची, बाजूंनीं टोंचणी लावावयाची, आणि वाटेवरचा दाणावैरण नाहींसा करावयाचा, हा त्यांचा क्रम. ज्या बैलांच्या जोरावर फौज चालावयाची, त्यांच्या तोंडचा घासच काढून घेतल्यावर तोफा ओढणार कोण? ४ जानेवारी १७७९ रोजीं कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्युअर्ट पडला. मराठ्यांनीं ज्याच्या शौर्याचें कौतुक करून ज्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटलें तो हाच. पुढें फौज तळेगांवास पोंचली. पुणें तेथून वीस मैलांच्या आसपास राहिलें होतें. परंतु पुढें जाण्याचें बळ उरलें नव्हतें. ११ जानेवारीच्या रात्रीं परतण्याचा निर्णय झाला, जड तोफा तळेगांवच्या तळ्यांत ढकलण्यांत आल्या आणि सामानाला आग लावण्यांत आली. जें ओझें खंडाळ्यापासून मोठ्या कष्टानें आणलें, तेंच शेवटीं आपल्या हातांनीं टाकावें लागलें; तेंहि उशीर झाल्यावर. वडगांवास मराठ्यांनीं फौजेस गांठलें व जानेवारीच्या मध्यास वडगांवचा करार झाला. या पराभवास सेनानायकांतील मतभेद, आजार व चुकीचे अंदाज अशीं इतर कारणेंहि आहेत. परंतु ताकदीच्या मानानें ओझें अवास्तव होतें, हें त्यांतील मोठें कारण होय.

चोवीस वर्षांनीं आर्थर वेलस्ली पुण्याकडे आला तो दक्षिणेकडून, म्हैसूरच्या बाजूनें. हाच पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. त्याच्या पत्रव्यवहारांत तोफांइतकाच बैलांचा विषय येतो. म्हैसूरच्या अमृतमहाल जातीचे चपळ बैल त्यानें तोफांसाठीं पसंत केले होते. एप्रिल १८०३ मध्यें त्यानें पायदळ व जड सामान मागें ठेवून केवळ घोडदळासह सुमारें साठ मैलांची शेवटची दौड बत्तीस तासांच्या आसपास पुरी केली. मागें काय ठेवावें हें ज्याला कळलें, तो वेळेवर पोंचला. पुढल्या वर्षीं त्यानें घाटमाथ्यापासून पुण्याकडील रस्ता सुधारण्यास हात घातला, याचें कारणहि हेंच कीं ओढणाऱ्याची शक्ति वाढवितां येत नसेल तर वाटेचा विरोध तरी कमी करावा.

घाटांतून गाडीरस्ता पुरा झाला तो गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत. १० नोव्हेंबर १८३० रोजीं तो खुला करण्यांत आला. आतां दोन बैल पाठीवर जेवढें नेत, त्याच्या तिप्पट-चौपट माल तेच दोन बैल गाडींतून नेऊं शकत होते. परंतु रस्ता तयार झाला म्हणजे गाडी तयार झाली असें नाहीं. देशावरची जुनी गाडी अगडबंब असे. तिचीं चाकें भरीव लाकडाचीं, कोठें कोठें दगडाचींहि. तिला ओढण्यास बैलांच्या अनेक जोड्या लागत, आणि शेतांतून खत किंवा पीक नेण्यापलीकडे तिचा उपयोग नसे. गाडीचें आपलेंच वजन ओढण्यांत बैलांची निम्मी शक्ति खर्ची पडली, तर मालाच्या वांट्याला काय उरणार?

हा प्रश्न इंदापूरच्या जमीन-पाहणीच्या काळांत, १८३० नंतरच्या दशकांत, चांगला ओळखला गेला. लेफ्टनंट गेसफर्ड या अधिकाऱ्यानें सोलापूरकडील टेंभुर्णी येथें सुधारलेल्या हलक्या गाड्यांचा कारखाना चालविला. एका जोडीनें ओढतां येईल, गांवच्या सुतार-लोहारांस दुरुस्त करतां येईल अशी गाडी हा या सुधारणेचा गाभा. भरीव चाकाऐवजीं आरे घातलेलें चाक, बाहेरून लोखंडी धाव, लोखंडी कणा, आणि वर हलका सांगाडा. चाक मोठें असल्यानें तें खड्ड्यांत कमी फसतें. आरे असल्यानें तें हलकें राहून मजबूत होतें. शेतकऱ्याची उपज बाजारपेठेपर्यंत पोंचूं लागली, त्यांत चांगल्या रस्त्याइतकाच या हलक्या गाडीचा वांटा आहे.

गाडीवानांच्या बोलींत या शास्त्राचें सार केव्हांच उतरलें होतें. मालासाठीं खटारा वेगळा, माणसांच्या प्रवासासाठीं छकडा किंवा दमणी वेगळी. दमणीला जड लाकूड लावीत नसत. वर छपरी, आंत गादी, आणि पुढें चालीचे बैल. ओझें कोठें ठेवावें यालाहि नियम होता. भार मागच्या बाजूस अधिक झाला तर गाडी ‘उलाळ’ होते; जूं मानेवरून वर उचललें जातें, बैलांचे गळे आवळतात आणि चढणीवर गाडी मागें कलंडण्याचा धोका येतो. भार फार पुढें आला तर बैलांच्या मानेवर दडपण येऊन खांदे सुजतात. म्हणून शहाणा गाडीवान गाडी भरून झाल्यावर धुरा हातानें उचलून पाही. किंचित्‌ वजन पुढें लागलें कीं समाधान मानी. वजन किती हा पहिला प्रश्न, वजन कोठें हा दुसरा. आणि दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें घर सोडण्यापूर्वीं द्यावयाचीं असतात.

यानंतर आली आगगाडी. १८५६ मध्यें ती खोपोलीपर्यंत आली. जून १८५८ मध्यें खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतची वाट सुरू झाली. मधला घाट मात्र मोकळा राहिला. पांच वर्षें प्रवाशांनीं खालीं गाडींतून उतरावें, पालखी, तट्टू किंवा बैलगाडी यांनीं घाट चढावा, आणि वर पुन्हा गाडींत बसावें असा प्रकार चालला. मुख्य एंजिनियर जेम्स बर्कले यांच्यापुढील अडचण बैलगाडीवाल्याचीच होती. फक्त आंकडे मोठे होते. सपाट रुळांवर एक टन वजन हालतें ठेवण्यास चार-पांच किलोंचा जोर पुरतो. परंतु सदतीस फुटांस एक फूट अशी चढण लागली कीं त्याच एका टनासाठीं आणखी सत्तावीस किलोंचा जोर लागतो. म्हणजे जें एंजिन सपाटीवर तीस डबे सहज नेईल, त्याला येथें पांच डबेहि जड जावे.

यास उपाय दोन: चढण सौम्य करणें आणि गाडी लहान करून जोर वाढविणें. बोरघाटांत दोन्ही योजावे लागले. सुमारें सोळा मैलांत १,८३१ फूट चढणारा मार्ग आंखला गेला. त्यांत पंचवीस बोगदे व आठ मोठे पूल आले. एका ठिकाणीं वळण घेण्यास डोंगरावर जागाच नव्हती, म्हणून तेथें रिव्हर्सिंग स्टेशन करून गाडीची दिशा उलट करण्याची युक्ति निघाली. एंजिनेंहि खास बांधविलीं. त्यांच्या बाष्पकावर पाण्याची टांकी खोगिरासारखी बसविलेली असे. त्यामुळें पाण्याचें वजन चाकांवर येऊन तीं रुळांस घट्ट धरीत.

या कामाची किंमत मोठी पडली. १८६१ मध्यें घाटांत बेचाळीस हजारांहून अधिक माणसें राबत होतीं. पटकी, ताप व अपघात यांनीं हजारों मजूर दगावले. त्यांचीं नांवें कोणत्याहि शिलेवर कोरलेलीं नाहींत. १८५९ च्या आरंभीं मजुरी थकल्यामुळें त्यांनीं दंगाहि केला. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल यानें काम सोडलें. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, हिंदुस्थानांत आल्यावर अल्पावधींतच वारला, आणि त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिनें कंत्राट पुढें चालवून पुरें केलें. २१ एप्रिल १८६३ रोजीं सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्तें घाटाचें उद्घाटन झालें. बर्कले त्यापूर्वींच निधन पावले होते.

चढण जिंकली तरी उतार राहतोच, आणि उतारावर ओझें ओढणाऱ्यालाच ढकलूं लागतें. १८६९ च्या जानेवारींत एक गाडी उतारावर आवरली न जातां रिव्हर्सिंग स्टेशनापाशीं अपघातांत सांपडली. अशा सुटलेल्या गाडीला मुख्य मार्गावरून बाजूला घेऊन चढावर नेऊन थांबविण्यासाठीं घाटांत वेगळे फांटे ठेवलेले आहेत. जेवढें वजन वर ओढतां येतें तेवढें खालीं थोपवितां येईलच असें नाहीं, हा या व्यवस्थेमागचा विचार.

१९२९ मध्यें नवा मार्ग होऊन रिव्हर्सिंग स्टेशन बाद झालें, विजेचीं एंजिनें आलीं, आणि १ जून १९३० पासून दख्खनची राणी धांवूं लागली. तरीहि जड गाड्यांना कर्जतपासून मागें जादा एंजिनें लावण्याची पद्धत आजतागायत चालूं आहे. फेब्रुवारी १९२३ नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, १० फेब्रुवारी २०२३ रोजीं सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत गाडी मात्र मागील एंजिनाच्या मदतीवांचून घाट चढते. कारण तिच्या अनेक डब्यांखालींच मोटारी बसविलेल्या आहेत. लमाणांच्या तांड्यांतील तत्त्वच येथें नव्या रूपानें परत आलें आहे: भार वांटा, जोरहि वांटा.

आज महाराष्ट्र सरकारनें २०२१ मध्यें कॅरॅव्हॅन पर्यटनाचें धोरण स्वीकारलें असून, मोटारीमागें फिरतें घर जोडून मावळांत उतरण्याची हौस कांहीं कुटुंबांस वाटूं लागली आहे. त्यांना बोरघाटाचा इतिहास उपयोगी पडेल. मोटारीच्या कारखानदारानें ओढावयाच्या वजनाची जी मर्यादा दिली असेल ती प्रथम पाहावी, घर मागाहून पसंत करावें. घराचें रिकामें वजन पाहून फसूं नये. पाणी, भांडीं, अंथरुणें, शेगडी व गॅसची टांकी हीं सर्व त्यांत मिळवावीं. मोटारींत बसलेलीं माणसें हेंहि तिच्यावरचें ओझेंच. एकूण भाराचा दहावा हिस्सा किंवा त्याच्या आसपास जोडणीवर यावा, म्हणजे घर उलाळ होत नाहीं व मागें झोके खात नाहीं. घराला स्वतःचा ब्रेक असावा. आणि मर्यादेच्या अगदीं कांठावर न जातां कांहीं जोर घाटासाठीं शिल्लक ठेवावा.

तळेगांवच्या तळ्यांत तोफा ढकलणाऱ्यांना हा हिशेब मुंबईंतच करतां आला असता. तेथें तो एका कागदावर भागला असता. घाट चढून आल्यावर त्याला सारी फौज मोजावी लागली.