व्यंकटेश माडगूळकर : कादंबरी आणि नभोवाणी

छापलेला शब्द वाचावयास अक्षरओळख लागते. नभोवाणीवरील शब्दास ऐकणारा कान पुरेसा होतो. १९५१ च्या शिरगणतींत भारतांतील साक्षरांचें प्रमाण शेंकडा अवघें अठराच्या आसपास भरलें. वऱ्हाडांतील मानोरा काय किंवा माणदेशांतील माडगुळें काय, अशा गांवांतील पुष्कळ माणसें त्या काळीं ग्रंथांच्या कक्षेबाहेरच होतीं. या माणसांना ग्रंथांत आणणारा आणि त्यांच्या कानांपर्यंत शब्द पोंचविणारा लेखक एकच असावा, असा योग मराठींत व्यंकटेश माडगूळकर यांच्या रूपानें आला.

त्यांचा जन्म १९२७ सालीं औंध संस्थानांतील माडगुळें या गांवीं झाला. कविवर्य ग. दि. माडगूळकर हे त्यांचे वडील बंधु. व्यंकटेशांचें शालेय शिक्षण अपुरें राहिलें. १९४२ च्या लढ्याच्या काळांत शाळा सुटली ती सुटलीच. पुढें जी विद्या त्यांनीं मिळविली, ती बव्हंशीं स्वतःच्या वाचनांतून आणि भोंवतालच्या माणसांच्या बोलण्यांतून. १९४९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ‘माणदेशी माणसं’ या पुस्तकांत त्या ऐकण्याचें पहिलें पीक दिसतें.

तोंपर्यंत मराठी कथेंतील खेडें बहुधा शहरवासीयांच्या करमणुकीसाठीं किंवा हळहळीसाठीं उभें राही. १९५५ सालच्या ‘बनगरवाडी’नें हा रिवाज मोडला. औंध संस्थानांतील धनगरांच्या एका वस्तींत कोवळ्या वयाचा मास्तर येतो. पोरें मेंढरांमागें जातात, म्हणून शाळा भरत नाहीं. वाडीच्या कारभाऱ्याच्या आधारानें ती हळूहळू भरूं लागते. सर्वांच्या श्रमांनीं तालीम उभी राहते. आणि अखेर दुष्काळ पडून वाडीच उठून जाते. या कथेंत खेडुताची थट्टा नाहीं, तसा त्याचा कोरडा कळवळाहि नाहीं. धनगर आपल्या वाणीनें बोलतो व मास्तर तें ऐकतो. ही कादंबरी पुढें इंग्रजींतहि गेली.

‘बनगरवाडी’ प्रसिद्ध झाली त्याच वर्षीं माडगूळकर पुणें नभोवाणी केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रमांच्या विभागांत रुजू झाले. हें केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजीं सुरू झालेलें होतें. ग्रामीण कार्यक्रमांपुढें एक मोठा धोका असतो. शहरांत बसून खेड्याला उपदेश करण्याची संवय जडली, म्हणजे यंत्र बोलत राहतें आणि श्रोता उठून जातो.

या धोक्यावरील एक उपाय त्याच केंद्रानें १९५६ सालीं अजमावला. युनेस्कोच्या साह्यानें, फेब्रुवारी ते एप्रिल या काळांत, मुंबई राज्याच्या पांच जिल्ह्यांतील सुमारें दीडशें खेड्यांत श्रोत्यांचीं मंडळें स्थापन झालीं. आठवड्यांतून दोनदां, असे एकंदर वीस कार्यक्रम झाले. मंडळानें एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी आणि आपल्या शंका केंद्राकडे धाडाव्या. त्यांचीं उत्तरें पुढील कार्यक्रमांतून मिळत. या प्रयोगाचा अभ्यास टाटा समाजविज्ञान संस्थेनें केला, आणि १९५९ पासून ही योजना देशांत इतरत्र पसरली. ज्याला आजवर नुसतें सांगितलें जात होतें, त्याला विचारण्याचा अधिकार मिळाला, हेंच या प्रयोगाचें खरें मर्म होय.

माडगूळकरांच्या कादंबरीचें मर्महि याहून निराळें नाहीं. नभोवाणीवर वाक्य एकदांच ऐकूं येतें. मागील पान उलटतां येत नाहीं. म्हणून तें लहान, सरळ आणि नेमकें असावें लागतें. माडगूळकरांचें गद्य या नोकरीपूर्वींच तसें होतें. कान तयार होता, म्हणूनच तें काम त्यांना मानवलें, असें म्हणणें अधिक न्याय्य ठरेल.

उत्तर वयांत ते विदर्भांतील नागझिऱ्याच्या अरण्यांत जाऊन राहिले आणि त्यावर त्यांनीं पुस्तक लिहिलें. वानरांच्या टोळ्यांतील सत्तेच्या झगड्यावरील ‘सत्तांतर’ या कादंबरीस १९८३ मध्यें साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. २००१ सालीं त्यांचें निधन झालें. लेखक होण्यास मोठी पदवी लागत नाहीं, दुसऱ्याचें बोलणें पुरतें ऐकून घेण्याची धीराची वृत्ति मात्र लागते, हें त्यांच्या दोन्ही व्यवसायांनीं दाखवून दिलें. खेड्याविषयीं बोलणाऱ्या प्रत्येकाला तो धडा गिरवावाच लागेल.