भरपाईची तारीख

अल खोरच्या बाजारात संध्याकाळी करक चहा प्यायला थांबले होते. फोनवर आईशी मराठीत बोलत होते, ते ऐकून बाजूच्या बाकड्यावरचा एक माणूस उठून जवळ आला. खेड तालुक्यातला, पस्तिशीचा, परांची बांधणाऱ्या टोळीत काम करणारा. त्याने मोबाईल पुढे केला. "ताई, यात तारीख कसली दिलीय ती जरा बघता का?"

मेसेज इंग्रजीत होता. कामगार तंटा समितीसमोर त्याच्या प्रकरणाची सुनावणी, दिवस आणि वेळ. मी वाचून दाखवला. तो गप्प झाला, मग म्हणाला, "गणपतीचं तिकीट त्याच्या चार दिवस आधीचं आहे." मोबाईल धरलेल्या उजव्या हाताची तर्जनी नव्हती.

माझा विषय तुम्हाला आधी सांगायला हवा. मुंबईच्या गिरण्यांमधले अपघात आणि त्यांची भरपाई यावर मी पीएच.डी. केली, आणि नवऱ्याची नोकरी रास लाफानला असल्यामुळे पोस्टडॉकचं लिखाण इथे अल खोरमध्ये बसून करते. त्यामुळे ते बोट पाहिल्यावर माझ्या डोक्यात पहिल्यांदा एक आकडा आला, त्याची मला थोडी लाजही वाटली. तर्जनी, दहा टक्के. १९२३ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तसं लिहिलं होतं. अंगठा २५, एक डोळा ३०, उजवा हात कोपरापासून ७०, डावा ६०. अनेक वर्षं मी हे आकडे आणि रकमा जमवत होते. तारखांकडे मी फारसं पाहिलंच नव्हतं.

तुम्ही परदेशात असाल तर 'तारीख पे तारीख' हा विनोद तुम्हीही कधीतरी केला असेल. पण भरपाईच्या कायद्याचा शंभर वर्षांचा इतिहास उलगडून पाहिला, तर त्यात रकमेइतकंच भांडण तारखेवरून झालेलं दिसतं.

सुरुवात अल खोरपासूनच करू. दोह्याच्या उत्तरेला पन्नासेक किलोमीटरवरचं हे गाव मुळात मोती काढणाऱ्यांचं. उन्हाळ्याचे चार महिने होड्या समुद्रात असत. आखातातल्या मोत्यांची मोठी पेठ होती मुंबई, आणि इथलं चलनही रुपयाच होतं, ते थेट १९६६ पर्यंत. पाणबुड्या नाखव्याकडून हंगामाआधी उचल घेई आणि ती फेडायला बुड्या मारी. आखातातल्या अनेक बंदरांत रीत अशी की पाणबुड्या मेला तर त्याची उचल मुलाच्या नावावर चढे. म्हणजे कामावर मृत्यू आला तर घरी पैसे यायचे नाहीत, कर्ज यायचं.

ते मोती ज्या मुंबईत विकले जात, त्या मुंबईतल्या गिरणी कामगाराची अवस्था १९२३ पर्यंत फार वेगळी नव्हती. १८५५ चा एक कायदा होता, पण त्याखाली वारसांनी दिवाणी न्यायालयात जाऊन मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करायचा. परळच्या चाळीतल्या विधवेने वकील लावून ते कसं करायचं? नारायण मल्हार जोशींसारखी माणसं हा प्रश्न लावून धरत होती. जोशी १९१९ मध्ये वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेला जाऊन आले होते आणि पुढे मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडत होते. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून लागू झाला. त्याने प्रश्नच बदलला. चूक कोणाची, हे आता मुख्य राहिलं नाही. कामातून आणि काम चालू असताना इजा झाली का, एवढं पाहायचं. मृत्यू झाला तर तीस महिन्यांचा पगार किंवा २,५०० रुपये, यातलं जे कमी असेल ते. कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं तर बेचाळीस महिन्यांचा पगार किंवा ३,५०० रुपये, पुन्हा जे कमी ते. महिना तीस रुपये मिळवणाऱ्याचं तर्जनी बोट गेलं, तर हिशेब होई १२६ रुपये.

आता याच कायद्यातल्या दिवसांकडे बघा. इजेचे पहिले दहा दिवस भरपाईत धरलेच जात नसत. नऊ दिवसांनी कामावर परतलेल्या माणसाला काही नाही. व्हिटली आयोगानंतर १९३३ मध्ये दहाचे सात झाले, १९५९ मध्ये तीन, आणि अपंगत्व अठ्ठावीस दिवस किंवा जास्त टिकलं तर तेही तीन दिवस कापायचे नाहीत असं ठरलं. दहापासून तीनपर्यंत यायला पस्तीस वर्षं लागली. दाव्याची मुदत १९६२ मध्ये एका वर्षावरून दोन वर्षांची झाली. मालकाने किती दिवसांत पैसे द्यायचे, हेही १९५९ मध्ये पक्कं झालं. एक महिना उलटला की व्याज आणि दंड. ते व्याज १९९५ मध्ये बारा टक्क्यांवर गेलं.

पण महिना मोजायचा कधीपासून? मालकांचं म्हणणं, आयुक्ताने निकाल दिल्यापासून. तसं धरलं तर सुनावणी जितकी लांबेल तितका मालकाचा फायदा. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये ओडिशातल्या एका सुताराच्या खटल्यात याचं उत्तर दिलं. सिनेमागृहाचं काम करताना तो पडला होता आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. न्यायालय म्हणालं, भरपाई देय होते ती अपघाताच्या दिवशी, निकालाच्या दिवशी नाही. शिवाय एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचं अपंगत्व शंभर टक्के. अनुसूचीतला आकडा हा शेवटचा शब्द नसतो, हेही त्यात आलं. माझ्या मते या शंभर वर्षांतला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय तोच. कारण न्यायालयाची तारीख कधीही पडो, पैशाची तारीख त्याने अपघाताला बांधून टाकली.

कायदा करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट तेव्हाच कळली होती. घाईने दिलेले पैसेही धोक्याचे असतात. दुःखात असलेल्या बाईच्या हातावर दोनशे रुपये ठेवून कागदावर अंगठा घेतला की प्रकरण मिटलं, असं होऊ नये म्हणून आठव्या कलमात सांगितलं की मृत्यूची भरपाई आयुक्ताकडेच जमा करायची. परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरलेच जाणार नाहीत. १९३३ मध्ये त्याला जोड मिळाली. कामगार मेल्याचं आयुक्ताला कोणत्याही मार्गाने कळलं, तरी तो स्वतःहून मालकाला नोटीस पाठवू शकतो. मुंबईच्या 'लेबर गॅझेट'मध्ये दर महिन्याला या प्रकरणांचे तक्ते छापून येत. इतकी मृत्यूची, इतकी कायम अपंगत्वाची, इतकी तात्पुरती. रूक्ष पानं आहेत ती. पण प्रकरण दाखल झालं आणि निकाली निघालं हे जगाला दिसणं, हीच त्या काळी नवी गोष्ट होती.

आता परत अल खोरला येऊ. कतारमध्ये पूर्वी १९६२ चा कामगार कायदा होता. आज २००४ चा १४ क्रमांकाचा कायदा चालतो. कामावर इजा झाली तर उपचाराच्या काळात सहा महिने पूर्ण पगार, त्यानंतर निम्मा. मृत्यूला दिया, म्हणजे दोन लाख रियाल. ही रक्कम २००८ च्या कायद्याने ठरवली आहे आणि ती पगारावर अवलंबून नाही. कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर त्याच रकमेची टक्केवारी. कल्पना मुंबईच्याच अनुसूचीसारखी. दावा करायची मुदत मात्र एक वर्ष, अपंगत्वाच्या अंतिम वैद्यकीय अहवालापासून किंवा मृत्यूपासून.

२०१७ च्या १३ क्रमांकाच्या कायद्याने तंटा समित्या आल्या आणि मार्च २०१८ मध्ये त्यांचं काम सुरू झालं. आधी श्रम खात्यात सात दिवस तडजोडीचा प्रयत्न. जमलं नाही तर न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालची समिती तीन ते सात दिवसांत पहिली सुनावणी लावते आणि पुढच्या तीन आठवड्यांत निकाल देते. अपिलाला पंधरा दिवस. भारतातही २००९ च्या दुरुस्तीने आयुक्ताला तीन महिन्यांची मुदत घातली, पण प्रकरणं वर्षानुवर्षं चालतात हे तुम्हाला माहीत आहे. कागदावर कतारची मुदत फारच आखूड आहे.

अडचण वेगळ्या तारखांची आहे. स्थलांतरित माणसाकडे दुसरं एक कॅलेंडर असतं. निवास परवाना कधी संपतो, तिकीट कधीचं आहे, गावाकडचा हप्ता कधी भरायचा. न्यायाच्या तारखेला हजर राहायचं तर या सगळ्या तारखा हलवाव्या लागतात. मेलेल्या माणसाचे वारस तर हजारो किलोमीटर दूर. मुखत्यारपत्र, दूतावास, भाषांतर यात ते एक वर्ष भराभर सरतं.

आणि काही वेळा वर्ष सुरूच होत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे २०२० या एका वर्षात कतारमध्ये कामाशी संबंधित ५० मृत्यू झाले, पाचशेहून जास्त जण गंभीर जखमी झाले आणि ३७,६०० जणांना सौम्य ते मध्यम इजा झाल्या. त्याच अहवालात म्हटलं आहे की तरुण, निरोगी कामगारांचे 'नैसर्गिक' किंवा अज्ञात कारणाने नोंदलेले मृत्यू नीट तपासले गेले पाहिजेत. दाखल्यावर 'नैसर्गिक' लिहिलं की कामाशी नातं तुटतं, आणि भरपाईचं दार तिथेच बंद होतं. १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करायला आता बंदी आहे. मोत्यांच्या होड्या जात, तेच हे महिने.

हे तुम्हाला का सांगते आहे? तुमच्यापैकी बरेच जण परांचीवर चढणारे नाहीत, मीही नाही. पण तुमच्यात साइट इंजिनिअर आहेत, सुरक्षा अधिकारी आहेत, मनुष्यबळ विभागात बसणारे आहेत. अपघाताची पहिली नोंद तुमच्या हातून होते. ती त्याच दिवशी झाली, कामाची जागा आणि वेळ त्यात आली, तर पुढचं सगळं त्यावर उभं राहतं. चार दिवसांनी, 'खोलीवर पाय घसरला' अशी झाली, तर कुठलाही कायदा ते भरून काढत नाही.

आणखी दोन गोष्टी ओळखीच्या लोकांच्या कानावर घाला. भारतात नोंदलेल्या कंपनीने भरती करून परदेशी पाठवलेल्या कामगाराला १९९५ मध्ये आलेल्या १५ ब कलमाने आपल्याकडचा भरपाईचा कायदाही लागू केला. आणि इमिग्रेशन तपासणी लागणाऱ्या पासपोर्टवर आलेल्या कामगाराचा प्रवासी भारतीय बीमा योजनेत अपघाती मृत्यू किंवा कायम अपंगत्वाला दहा लाखांचा विमा असतो. घरच्यांना अनेकदा त्याचा पत्ताच नसतो. पॉलिसीचा कागद ट्रंकेत खाली पडलेला असतो.

खेडच्या त्या माणसाने तिकीट पुढे ढकललं. त्याचा गणपती गेला. सुनावणीला मालकाचा माणूस आला आणि वैद्यकीय अहवालातली टक्केवारी मान्य केली. पैसे खात्यात जमा झाले तेव्हा तो गावी पोचला होता. त्याने मला फोन करून रक्कम सांगितली नाही. म्हणाला, "ताई, तारीख वाचून दाखवलीत, नाहीतर मी विमानात असतो."

प्रबंधात मी शेकडो रकमा लिहिल्या आहेत. आता त्या प्रत्येकीसमोर दोन रकाने वाढवते आहे, अपघात कधी झाला आणि पैसे कधी मिळाले. दोन्ही रकाने भरता येतील अशा नोंदी थोड्याच निघतात. पण त्या दोन तारखांमध्ये जितके दिवस आहेत, तितके दिवस कुणाच्या तरी घरी चूल कशी पेटली, हा प्रश्न माझ्या प्रबंधात नव्हता. तो आता आहे.