फायब्रॉइडची गाठ आणि वर्णभेदाचा इतिहास

१/ साल १९६१. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात कापसाच्या मळ्यावर राबणारी, चाळिशी ओलांडलेली एक कृष्णवर्णीय स्त्री गर्भाशयातील गाठ काढून घेण्यासाठी रुग्णालयात दाखल झाली. गाठ निघाली, पण तिला न विचारता, न सांगता तिचे गर्भाशयही काढण्यात आले. त्या स्त्रीचे नाव फॅनी लू हॅमर.

२/ गर्भाशयाच्या स्नायूंत वाढणाऱ्या, कर्करोग नसलेल्या गाठींना फायब्रॉइड म्हणतात. अनेक स्त्रियांना त्यांचा पत्ताही लागत नाही. इतर काहींना मात्र पाळीत अतिरक्तस्राव, त्यातून रक्तक्षय, वेदना आणि गर्भधारणेतील अडचणी सोसाव्या लागतात. शस्त्रक्रियेचे मुख्य मार्ग दोन : केवळ गाठी काढणे किंवा संपूर्ण गर्भाशय काढणे.

३/ पहिला मार्ग १९६१ साली अज्ञात नव्हता. लंडनचे शल्यविशारद व्हिक्टर बॉनी यांनी गर्भाशय राखून गाठी काढण्याचा आयुष्यभर पुरस्कार केला आणि १९४६ साली त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. फायब्रॉइडमुळे त्यांच्याच पत्नीचे गर्भाशय काढावे लागले होते. ते दांपत्य निपुत्रिक राहिले. त्या दुःखातून हा आग्रह जन्मला होता.

४/ हॅमर यांच्या बाबतीत निवडीचा प्रश्नच उपस्थित झाला नाही. घडलेला प्रकार त्यांना कळला तो मळेमालकाच्या घरातून बाहेर आलेल्या कुजबुजीतून. श्वेतवर्णीय डॉक्टरविरुद्ध न्यायालयात जाणे म्हणजे त्या काळी जिवाशी खेळ. असे प्रकार इतके सर्रास घडत की त्यांना ‘मिसिसिपी ॲपेंडेक्टोमी’ असे उपरोधिक नावच पडले.

५/ १९६२ साली हॅमर मतदार नोंदणीसाठी गेल्या. त्याबद्दल त्यांना मळ्यावरून हाकलण्यात आले. पुढे त्या नागरी हक्क चळवळीच्या अग्रणी झाल्या. १९६४ साली वॉशिंग्टनमध्ये त्यांनी आपल्या भागातील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या नसबंदीविषयी जाहीरपणे सांगितले. खासगी दुःखाला असे सार्वजनिक साक्षीचे रूप मिळाले.

६/ १९७३ साली अलाबामातील रेल्फ भगिनींचे प्रकरण उजेडात आले. या दोन अल्पवयीन कृष्णवर्णीय मुलींची नसबंदी केंद्र सरकारच्या पैशावर चालणाऱ्या केंद्रामार्फत झाली होती. खटला उभा राहिला आणि त्या दशकाच्या अखेरीस सरकारी खर्चाच्या नसबंदीसाठी लेखी संमती आणि ३० दिवसांची प्रतीक्षा बंधनकारक झाली.

७/ दुसरा प्रश्न विज्ञानाचा होता. कृष्णवर्णीय स्त्रियांत फायब्रॉइड अधिक आढळतात, ही नोंद डॉक्टर फार पूर्वीपासून करीत आले होते आणि कारण ‘वंशा’त शोधीत होते. पण ही गणना रुग्णालयात आलेल्या स्त्रियांपुरती होती. जी तेथवर पोहोचलीच नाही, ती हिशेबातही नव्हती.

८/ १९९७ साली सुमारे ९५,००० अमेरिकी परिचारिकांच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. व्यवसाय एकच, वैद्यकीय जाणही साधारण सारखी. तरीही दर १,००० स्त्रियांमागे वर्षाला कृष्णवर्णीयांत सुमारे ३१ नवी निदाने, श्वेतवर्णीयांत ९, हिस्पॅनिक स्त्रियांत ११ आणि आशियाई वंशाच्या स्त्रियांत ८. इतर घटक जमेस धरूनही कृष्णवर्णीय स्त्रियांतील प्रमाण दोन ते तीन पट उरले.

९/ २००३ सालच्या अभ्यासात वॉशिंग्टनमधील एका आरोग्य योजनेच्या सभासद स्त्रियांपैकी काहींना यादृच्छिकपणे निवडून त्यांची सोनोग्राफी झाली. पन्नाशीपर्यंत फायब्रॉइड होण्याचे अनुमानित प्रमाण कृष्णवर्णीयांत ८० टक्क्यांहून अधिक, तर श्वेतवर्णीयांत जवळजवळ ७० टक्के निघाले. म्हणजे विकार दोन्हीकडे सार्वत्रिक. पण कृष्णवर्णीय स्त्रियांना तो कमी वयात गाठतो.

१०/ २००८ साली आणखी एक भेद दिसला. वय वाढते तशी श्वेतवर्णीय स्त्रियांच्या गाठींची वाढ मंदावते. कृष्णवर्णीय स्त्रियांत तशी मंदावत नाही. रजोनिवृत्तीची वाट पाहण्याचा सल्ला म्हणूनच सर्वांना सारखा लागू पडत नाही. अमेरिकेत आजही गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया कृष्णवर्णीय स्त्रियांवर अधिक प्रमाणात होते.

११/ कारणांचा शोध सुरू आहे. ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता हा एक धागा. दुसरा धागा १९९५ साली केवळ कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी सुरू झालेल्या व्यापक अभ्यासातून हाती आला : वर्णभेदाचे अनुभव अधिक सांगणाऱ्या स्त्रियांत फायब्रॉइडचे प्रमाणही अधिक आढळले. हा संबंध आहे, सिद्ध झालेले कारण नव्हे. तरीही प्रश्नाची दिशा त्याने बदलली. ‘यांचे शरीरच वेगळे’ या जुन्या उत्तराच्या जागी ‘या शरीराला काय सोसावे लागले’ हा प्रश्न आला.

१२/ हॅमर १९७७ साली निवर्तल्या. परिचारिकांची ती आकडेवारी प्रसिद्ध होण्याच्या वीस वर्षे आधी. त्यांच्यावर झालेला अन्याय निसर्गाचा नव्हता. गाठ निसर्गाने दिली. गर्भाशय घेतले ते माणसांनी. (समाप्त)