पहिला नंबर कोण देतो?

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की आमच्या कर्वेनगरात जुनाच वाद रंगतो : महाबळेश्वर की माथेरान? मग कोणी ‘पहिल्या दहा’ ठिकाणांची यादी पुढे करतो. या क्रमांकांना मोल किती, हे इतिहासालाच विचारावे.

मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२९ साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना खंडाळा गाव देऊन बदल्यात महाबळेश्वर घेतले. साहेब राहू लागले, म्हणून रस्ते झाले, बंगले उठले. मागोमाग धनिक आले. गव्हर्नरचा मुक्काम हाच त्या काळचा पहिला नंबर!

माथेरानला ते भाग्य नव्हते. ठाण्याचा कलेक्टर मॅलेट १८५० साली तेथे चढला, पण आगगाडी वर जाण्यास १९०७ साल उजाडले. तीही पीरभॉय घराण्याने १६ लाख रुपये ओतले म्हणून. तो पैसा क्रमांकाची वाट पाहत बसला नाही.

मग यादी निरुपयोगी म्हणावी काय? तसेही नाही. २०१२ साली कासचे पठार जागतिक वारशात गेले आणि फुलांपेक्षा माणसे अधिक झाली. अखेर रोजच्या प्रवाशांची संख्या बांधून द्यावी लागली. उलट २०२५ च्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले आले, त्यांत आमचा सिंहगड नाही. तरी रविवारी तेथे पिठले-भाकरीला जागा मिळेल तर शपथ!

अनोळखी मुलखात माणूस यादी विचारतो. ओळखीच्या वाटेवर पायच त्याला नेतात. म्हणून यादी करणाऱ्याने एवढे ध्यानी ठेवावे, की पाहुणा परत जातो, भार डोंगरावर राहतो.