रिट्रीटच्या आधीची गोष्ट

चर्चमधलं पुरुषांचं रिट्रीट म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? शहराबाहेर दोन दिवस, बायबलवाचन, पाच-सहा जणांचे गट, प्रार्थना. अलीकडचीच पद्धत वाटते ना? मग कसबा पेठेतून नदी ओलांडून शिवाजीनगरला चला. तिथल्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाची मुळं शंभर वर्षं मागे जातात.

१९१७ साली कवी नारायण वामन टिळकांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघंही तिथे ख्रिस्ताचे शिष्य. दोनच वर्षांनी टिळक गेले. पण त्यांच्या विचारांनी भारावलेले, पुढे त्यांचं चरित्रही लिहिणारे इंग्रज धर्मगुरू जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये 'ख्रिस्त सेवा संघ' स्थापला. तो नंतर पुण्यात आला. व्हेरिअर एल्विन १९२७ साली भारतात आले, ते याच संघात.

आता खरा मुद्दा. त्या काळी मिशनरी साहेब बंगल्यात राहत आणि त्यांचे भारतीय सहकारी वेगळे. संघात मात्र गोरे आणि भारतीय एकत्र राहत, खादी वापरत, जमिनीवर बसून एकच शाकाहारी जेवण जेवत. प्रार्थनेइतकीच ही पंगत महत्त्वाची होती. शेजारी पाट मांडून बसलेल्याला 'साहेब' कसं म्हणणार?

आणि गंमत बघा: मुख्यतः पुरुषांनी उभारलेला हा आश्रम १९७२ मध्ये पुन्हा जागता केला तो कॅथलिक आणि अँग्लिकन जोगिणींनी, एकत्र राहून. म्हणून एखाद्या गटाची आध्यात्मिक वाढ मोजायची, तर आधी विचारा: इथे कोण कोणाशेजारी जेवतं?